तांब्याच्या बाटलीतलं तळं

इरा आणि निहार,

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारता, “आजी, या आठवड्यात कुठे गेलीस?” आणि माझं उत्तर बँक, दवाखाना किंवा भाजीबाजार यांपैकी एक असतं. गेल्या महिन्यात मात्र मी बडोद्याबाहेर पडले, तेही एका आठवड्यात दोनदा आणि दोन्ही वेळा एकाच तळ्यावर. फोनवर सांगायला गेलं की मधलं सगळं सुटून जातं, म्हणून लिहून काढते आहे. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण तुम्हाला मी मराठीतच लिहिणार. इंग्रजी तुम्हाला तिकडे पुष्कळ मिळतं.

बरोबर मधुराआत्या होती. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे तुमच्या बाबाची मावसबहीण. इथल्या विद्यापीठात ती शेवाळावर पीएच.डी. करते. डभोईच्या पुढे एका गावात एक तळं आहे. तिथलं हिरवं शेवाळ तिने काचेच्या चंबूंमध्ये साडेतीन वर्षं सांभाळलं होतं. सुट्टीच्या दिवसांत प्रयोगशाळेतल्या त्या खोलीचा एसी बंद पडला आणि सगळं शेवाळ उकडून मेलं. शेवटचे प्रयोग व्हायचे होते आणि ते त्याच शेवाळावर व्हायला हवे होते, नाहीतर साडेतीन वर्षांचं काम अर्धवट. त्यात गावाकडून कळलं की पंचायत तळं उपसून खोल करणार, शुक्रवारी यंत्र येणार. म्हणजे गुरुवारी जाणं भाग होतं. बरोबर येणारी मैत्रीण तापाने पडली. मी म्हटलं, “चल, मी येते. बाटली तर धरता येते ना मला?”

गुरुवार, सकाळ : डभोई

हरणीच्या घरून रिक्षाने प्रतापनगर स्टेशन, तिथून गाडी. पूर्वी या मार्गावर छोट्या रुळांची गाडी होती. ती इतकी निवांत चालायची की तुमचे आजोबा म्हणायचे, हिच्यातून उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा चढावं. आता मोठे रूळ आहेत, विजेची गाडी आहे, आणि बोरं वेचायला कोणी उतरत नाही. माझ्या मांडीवर डबा, पिशवीत दोन नॅपकिन, टिपणवही, पेन आणि माझी तांब्याची बाटली. रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी तेच प्यायचं, हा माझा अनेक वर्षांचा नेम तुम्हाला माहीत आहे. निहार, तू एकदा ते पिऊन “नाण्यासारखं लागतं” म्हणाला होतास.

डब्यात थेपले होते. माझी आई प्रवासाला दशम्या करायची. आपल्या घरात दशम्यांची जागा थेपल्यांनी कधी घेतली, ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं गुजरातेत राहिल्यावर असं काहीतरी होणारच.

गावाकडची शेअर रिक्षा भरेपर्यंत तासभर होता, तेवढ्यात मधुराने मला डभोईची हिरा भागोळ दाखवली. भागोळ म्हणजे गावाची वेस. दगडाचा मोठा दरवाजा आहे, आणि त्यावर हत्ती, नर्तकी, वेली असं इतकं कोरीव काम की मान दुखते. दरवाजाच्या सावलीत एक बाई हिरवे हरभरे विकत होत्या. शेकडो वर्षांच्या कोरीवकामाकडे पाठ करून त्या शांतपणे सोलत बसल्या होत्या. तुमच्याकडे अशा वास्तूला दोरी बांधून तिकीट लावलं असतं. इथे तिच्यावर कोणाची तरी ओली चादर वाळत होती.

वाट बघताना मी मधुराला म्हटलं, “आता मला नीट समजाव. माझी नातवंडं विचारतील.”

तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. जस्त, तांबं यांसारखे धातू झाडांना चिमूटभर हवेच असतात. पण जास्त झाले की तेच विष होतात, आणि कॅडमियम, शिसं हे तर कामाचे नसूनही त्याच दारांनी आत घुसतात. आत गेल्यावर ठिणग्या उडाव्यात तशी मोडतोड सुरू होते, हिरवा रंग जातो, वाढ थांबते. माणूस अशा जागेतून उठून जाईल. झाड जाऊ शकत नाही, शेवाळ तर त्याच पाण्यात तरंगत असतं. मग ते घरातल्या घरात निरोप पाठवतं. त्या निरोप्यांना संप्रेरकं म्हणतात, बाबा हार्मोन म्हणेल. एक निरोप्या सांगतो, वाढ जरा आवरा. दुसरा सांगतो, हिरवेपणा सोडू नका. तिसरा सांगतो, धातूला धरून ठेवणारे धागे विणा आणि त्याला बांधून कोठीच्या खोलीत टाका.

“पेशीला कोठीची खोली असते?” मी विचारलं.

“असते. आणि तुझ्या कोठीसारखीच असते. आत गेलेली वस्तू सहज बाहेर येत नाही.”

मी लक्ष दिलं नाही. माझ्या कोठीत प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे.

मधुराचा प्रश्न असा की शेवाळाचे स्वतःचे निरोप कमी पडत असतील, तर बाहेरून थोडे घातल्याने ते तगेल का. त्यातलं एक संप्रेरक आधी मोहरीच्या जातीतल्या एका झाडाच्या परागकणांत सापडलं होतं. फोडणीच्या डब्यातल्या मोहरीचे नातेवाईक असले उद्योग करत असतील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

गुरुवार, दुपार : तळ्याकाठी

तळं लहान होतं, आपल्या सोसायटीच्या दोन बागा मावतील एवढं. पाणी मात्र इतकं हिरवं की वर रंग ओतला असावा असं वाटलं. पूर्वी काठावर एका शेडमध्ये लोखंडी वस्तूंना जस्त-कॅडमियमचा चकचकीत मुलामा चढवायचं काम चालायचं. शेड केव्हाच बंद पडली, पण धुतलेलं पाणी तळ्यात मुरलं ते मुरलंच. बेडूक गेले, कमळं गेली, हे शेवाळ तेवढं राहिलं. म्हणून ते मधुराला हवं होतं. जे तगलं, ते कसं तगलं, हे तिला विचारायचं होतं.

काठावरच्या घरातून जशोदाबेन बाहेर आल्या. मधुरा साडेतीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हापासूनची ओळख. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, हातात म्हशीची दोरी.

“आवो आवो! आज तो मासीने पण लाव्यां!” म्हणजे आज मावशीलाही आणलंत. मग तळ्याकडे हात करून त्या म्हणाल्या, “म्हारी भेंस आ पाणी सूंघती पण नथी. ने तमे बाटली भरीने लई जाओ छो!” त्यांची म्हैस ज्या पाण्याचा वाससुद्धा घेत नाही, ते आम्ही भरून नेतो, याचं त्यांना फार हसू येत होतं.

मधुरा त्यांना गुजरातीत संप्रेरकांचं समजावू लागली. जशोदाबेन मन लावून ऐकत होत्या.

“एटले दवा?” म्हणजे औषध का?

“दवा नहीं, काकी. संदेशो.”

“संदेशो!” त्यांना ते पटलं. “तो बराबर. म्हारा दीकरानो संदेशो आवे ने, तो मने पण ताकात आवे.” मुलाचा निरोप आला की मलाही ताकद येते. मुलगा सुरतेला असतो, ते मागाहून कळलं. इरा, निहार, त्या क्षणी मला रविवार आठवला. ते असो.

मधुरा चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोन लिटरची प्लास्टिकची मोठी बाटली भरून आणली. झाकण सैल ठेवायचं, शेवाळाला हवा लागते, अशी तिने मला ताकीद दिली. मी वहीत लिहून घेतलं.

मग जशोदाबेननी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीचा रोटला, वर लोण्याचा गोळा, ताक आणि ओळो. ओळो म्हणजे आपलं वांग्याचं भरीतच, पण आपण दाण्याचं कूट घालतो तिथे त्या हिरवा लसूण मूठभर घालतात. कूट नसल्याने वांग्याचा धुरकट वास पुढे येतो. मी घरी करून बघितलं, पण गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते साधत नाही.

घोटाळा जेवणानंतर झाला. मधुरा सरपंचांना भेटायला गेली होती, दोन दिवस थांबता येईल का विचारायला. मी ओसरीत बसले होते, पायाशी पिशवी. जशोदाबेनच्या म्हशीच्या रेडकाने पिशवीला ढुशी दिली, बाटली दगडावर आपटली आणि बुडाला चीर गेली. हिरवं पाणी ठिबकू लागलं. मी घाबरले नाही, हे मी आधी अभिमानाने सांगायचे, आता नुसतं सांगते. माझी बाटली रिकामी होती, पाणी जेवताना संपलं होतं. तिच्यात मावेल तेवढं ओतलं, झाकण सैल ठेवलं, ओसरी नॅपकिनने पुसली. वहीत नोंद केली, ‘४.२०, बाटली बदलली.’ उरलेलं तोवर मातीत मुरलं होतं.

मधुरा परत आली ती चेहरा पाडून. सरपंच नाही म्हणाले होते. यंत्राचं भाडं ठरलं होतं.

मी म्हटलं, “तुझी बाटली फुटली, पण मी दुसऱ्या बाटलीत ओतलं. काळजी करू नकोस.”

“बरं झालं तू होतीस,” ती म्हणाली. तिच्या सामानात प्लास्टिकची एक जादा बाटली होती. त्याच बाटलीत ओतलं, असं तिने धरलं. मीही खुलासा केला नाही, कारण खुलासा करण्यासारखं काही आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

बडोद्यात पोहोचेपर्यंत प्रयोगशाळा बंद झाली होती. “आज तुझ्याकडे राहू दे, मावशी. सकाळी येऊन नेते,” असं म्हणून ती वसतिगृहावर गेली.

शुक्रवार : हरणी

साडेसातला मधुरा आली. मी चहा टाकला आणि बाटली तिच्यासमोर टेबलावर ठेवली, खाली ताटली वगैरे घेऊन.

ती बाटलीकडे बघत राहिली.

“मावशी, ही तांब्याची आहे.”

“हो ना. घासून लख्ख असते माझी. साबणाचा अंशसुद्धा नाही.”

“अगं, तांबं.” तिने झाकण काढलं, थोडं पाणी पांढऱ्या वाटीत ओतलं. कालचं हिरवं आज पिवळट, मळकट दिसत होतं. “सोसायटीच्या कारंज्यात शेवाळ धरलं की काय टाकता तुम्ही?”

“मोरचूद,” मी म्हटलं. गेली सहा वर्षं कमिटीतर्फे ते मीच आणवते. निळे खडे, दोन दिवसांत कारंजं स्वच्छ.

“मोरचूद म्हणजे तांबंच.”

गॅसवर चहा उतू गेला, तो मी पुसला. मुलांनो, मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या आहेत, पण इतकी नीटनेटकी, वेळेच्या नोंदीसकट केलेली चूक ही पहिलीच.

मधुरा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “एकाच बाटलीत सगळं घेतलं ही माझी चूक. तीन घ्यायला हव्या होत्या, हे पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा सांगतील.” मग तिने डोळे पुसले आणि आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

सरांनी मला फोनवर बोलावलं. “बेन, किती वाजता ओतलं?” मी वही उघडून सांगितलं, चार वीस. बाटली किती जुनी, चिंचेने घासता की पावडरने, काल सकाळी घासली होती का, हे सगळं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. “रडवानुं नहीं,” ते म्हणाले. रडायचं नाही. “पाणी फेंकशो नहीं. तांबुं मापीशुं.” पाणी टाकू नका, त्यातलं तांबं मोजू.

शनिवार : पुन्हा तळं

तरी मधुराला वाटत होतं की तळ्यात काहीतरी मिळेल. मी न बोलावता बरोबर गेले. या वेळी पिशवीत प्लास्टिकच्या सहा बाटल्या होत्या आणि प्यायचं पाणी स्टीलच्या बाटलीत.

डभोईला तिने माझ्यासाठी हिरव्या हरभऱ्याची जुडी घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तेवढ्याने मला जरा बरं वाटलं.

तळ्याच्या जागी खड्डा होता. पाणी पंपाने उपसलेलं, गाळ ट्रॅक्टरने वाहून नेलेला, उरलेल्या ओलीवर चुना भुरभुरलेला. पिवळं यंत्र एका कडेला उभं होतं, कारण चालक जशोदाबेनच्या ओसरीत चहा पीत होता.

“ए तो गयुं, बेन,” जशोदाबेन म्हणाल्या. गावाला पावसाळ्यानंतर चांगलं पाणी मिळेल याचा त्यांना आनंद होता, आणि आमच्याकडे बघून तो आनंद दाखवावा की नाही, ते त्यांना कळत नव्हतं. मधुराने खड्ड्याच्या कडेने एक पूर्ण फेरी मारली. मग येऊन ओसरीत बसली.

“काकी, चांगलं झालं. म्हशीला प्यायला होईल,” ती गुजरातीत म्हणाली.

बशीतला चहा पिताना मी मात्र रेडकाला चार शब्द सुनावले. जशोदाबेन हसल्या. “ए तो बाळक छे, मासी. एने शुं खबर?” लहान आहे, त्याला काय कळतं? माझ्याबद्दल असं कोणी म्हणणार नव्हतं. निघताना त्यांनी मधुराचा हात धरून विचारलं, “हवे संदेशो कोने मोकलशो?” आता निरोप कोणाला पाठवणार?

मधुरा म्हणाली, “जे उरलंय, त्याला.”

नंतरचे दिवस : प्रयोगशाळा

उरलं होतं ते माझ्या बाटलीतलं मळकट पाणी. मधुराने त्यातलं शेवाळ खाली बसवलं, तांब्याचं पाणी वेगळं काढून मोजायला पाठवलं, आणि शेवाळ सहा चंबूंत नव्या स्वच्छ पाण्यात सोडलं. तीन चंबूंना नुसतं अन्न. तीन चंबूंना अन्न आणि ते मोहरीच्या नात्यातलं संप्रेरक.

मी बघत होते. इतका लहान थेंब की मला वाटलं, पडलाच नाही.

“अजून एक घाल,” मी म्हटलं.

“हे मीठ नाही मावशी, चवीपुरतं घालायला. निरोप जास्त झाला तर तोही बाधतो.”

सांगून ठेवते, ही गोष्ट तुमच्या आईला आणि मला दोघींना लागू आहे.

मी रोज अकरा वाजता जाऊ लागले. प्रयोगशाळा मोठी नाही. पांढऱ्या नळ्यांचा उजेड, हळूहळू डोलणारं एक यंत्र, त्यावर चंबू पाळण्यात घातल्यासारखे. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी मला एका चंबूत हिरवं दिसलं, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना जे हवं ते दिसतं, म्हणून मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी मधुराने चंबूमागे पांढरा कागद धरला.

“मावशी, काय दिसतंय?”

“तू सांग.”

“नाही, आधी तू.”

“हिरवं,” मी म्हटलं. “अगदी थोडं. तांदळाच्या धुवणात पाल्याचा रस पडावा तसं.”

तिने कागद खाली ठेवला आणि मला मिठी मारली. नंतरच्या तीन दिवसांत संप्रेरक घातलेल्या तिन्ही चंबूंत हिरवाई आली. न घातलेल्या तीनपैकी एकात अगदी उशिरा आणि फिकी. उरलेले दोन तसेच मळकट राहिले. इतकी वर्षं जस्त-कॅडमियमच्या पाण्यात राहिलेलं शेवाळ होतं, म्हणून सगळंच मेलं नाही, असं सरांचं म्हणणं. पण ते उठून उभं राहिलं ते निरोप मिळाल्यावर.

मी लगेच जशोदाबेनना फोन केला. त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. “पहोंच्यो?” पोहोचला?

“पहोंच्यो,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता मधुराचं काम झालं. ते मी तिला म्हटलंही. तिने मान हलवली. शेवाळ मिळालं, ते खरं. पण एकदा झालेली गोष्ट त्यांच्या शास्त्रात झालेली धरत नाहीत. ती ठरवून, पुन्हा पुन्हा व्हावी लागते. मग थोडी अडखळत ती म्हणाली, “मावशी, बाटलीतलं तांबं मोजून आलंय. सर म्हणतात, हाही भाग प्रबंधात घ्यायचा. तुला एक काम करावं लागेल.”

“काय?”

“जे केलंस, तेच परत करायचं. तीच बाटली, तसंच चिंचेने घासून, तेवढाच वेळ. तीनदा.”

एवढ्या वर्षांत मला पुष्कळांनी चूक पुन्हा करू नकोस म्हणून सांगितलं, आई, शिक्षिका, तुमचे आजोबा. माझी चूक जशीच्या तशी परत कर, असं सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

मी बाटली चिंचेने घासली. प्रयोगशाळेत टेबलावर नॅपकिन पसरला. नव्याने वाढलेलं शेवाळ चंबूत हिरवंगार डोलत होतं, आणि त्याला पुन्हा त्या बाटलीत घालताना माझा हात जरा थांबला. मधुरा शेजारी वही उघडून उभी होती.

“घाबरू नकोस,” ती म्हणाली. “या वेळी निरोप आपल्याकडे तयार आहे.”

मी ओतलं, झाकण सैल ठेवलं, कडेचा थेंब पुसला. वेळ तिने लिहिली, चार वीस.